मंजुळाबाईचं गाडग्यातलं बेंडूक

...न्हाई रे, तसं नको लिवू. ‘मंजुळाबाई नावाची एक बाई व्हती’ काय लिवतूस, बाई तर व्हतीच की! असं लिव, डोंगरकड्याच्या अंगाला, मोगलाई व्हती तवाची गोष्ट. मंजुळाबाई म्हंजी माजी चुलतसासू, तिनंच मला सांगितलेली. तवा ती नवी नवरी व्हती. तिचा नवरा सटवाजी, तो देशमुखाच्या केळीच्या बागंत राबायचा, दिस उगवायच्या आदी जायचा. घरात उरल्या दोघी, मंजुळा अन् सासू द्वारकाबाई. अन् द्वारकाबाईची जीभ अशी की चुलीतला जाळ बरा.

तर एक दिस सटवाजीनं पंगतीला म्हून केळीची पानं आणली. मंजुळा पानं धुवाया बसली तं एका पानाच्या घडीत नखाएवढं बेंडूक! मातकट रंगाचं, डोळे हे मोठे. टुणकन उडून तिच्या मनगटावर बसलं अन् तिथंच चिकटलं. लेकराचा गार हात लागावा तसं वाटलं तिला. माहेर सुटलं व्हतं, बोलाया कुणी न्हाई. तिनं ते ठिवलं.

आता बेंडूक म्हणल्यावर तिला काय ठावं? विहिरीतलंच जनावर म्हून तिनं गाडगं पाण्यानं भरलं अन् दिलं सोडून. घटकाभरानं बघती तं ते पाण्यात हातपाय ताणून तरंगून राहिलेलं. तिनं झटकन बाहेर काढलं. वंजळीत घेऊन बसली, बराच येळ. तवा कुठं त्याचा गळा हालाया लागला.

तांड्यावरचा म्हातारा पेमा डिंक घेऊन गावात यायचा. तिनं हळूच त्याला दाखवलं. तो हसला. “याडीच हाईस पोरी! याची बोटं बघ. टोकाला मसुरीच्या डाळीवानी गोल हाईत. हे झाडावरचं बेंडूक. याला ओल पाहिजे, पाणी नको. चढाया फांदी दे, लपाया सावली दे. अन् तोंड बांध, पर वारा जाऊ दे.”

मग मंजुळानं तडकलेलं गाडगं घेतलं. तळाला वढ्याची वाळू, भिजवून पिळलेली. तीवर केळीच्या सोपटाचा, खोडाच्या सालीचा, तुकडा, आडोशाला. उंबराची फांदी तिरपी रोवली. कान तुटलेल्या पणतीत बोटभर पाणी. तोंडाला जुन्या धोतराचं इरलेलं फडकं. अन् गाडगं ठिवलं न्हाणीत रांजणामागं, तिथं सदा गारवा. सकाळ-संध्याकाळ पाणी शिपडायची, चिलटं धरून आत सोडायची. बेंडूक फांदीवर बसायचं, पाय पोटाखाली घेऊन, म्हातारीवानी. फांदीवर बसलं की तिचं मन निवायचं.

पर त्या साली पावसानं डोळे वटारले. तरणा पाऊस कोरडा गेला, म्हातारा पाऊस बी कोरडा गेला, पिकं करपून राहिली. मारुतीच्या पारावर सोनाजी देवऋषी घुमाया लागला. “कुणीतरी पाऊस बांधलाय! घरात बेंडूक कोंडलंय गाडग्यात! जवर ते कोंडलेलं, तवर ढग कोंडलेला!”

मंजुळा घागर घेऊन तिथंच उभी व्हती. मागच्या दुष्काळात याच सोनाजीनं लखमा कुंभारणीवर बोट ठिवलं व्हतं. गावानं तिचं चाक फोडलं, डोक्यावर बोचकं दिलं अन् वेशीबाहेर घातलं. ती कुठं गेली, जगली का मेली, कुणी इचारलं न्हाई.

सोनाजी दोन गडी घेऊन घरोघर निघाला. हातात काठ्या. ज्या गाडग्याचं तोंड बांधलेलं, ते फोडायचं. मंजुळा घरी पळाली. आवाज यायला लागला, फट्! वरच्या आळीला. मग फट्! देवळामागं. मग शेजारच्या भिंतीपल्याड. फडक्याची गाठ सुटंना. दातानं तोडली. बेंडूक हातात घ्यावं तं ते उडालं अन् दिसंनासं झालं. फडकं तिनं वाळल्या धुण्यात कोंबलं, वाळू मोरीत उपडी केली.

“काहून ग कुथून राहिली तिकडं?” द्वारकाबाई दारातून वरडली. तेवढ्यात सोनाजी उंबरा वलांडून चुलीपातुर आला, सासू त्याच्याकडं वळली.

अन् मंजुळानं बघितलं. बेंडूक सासूच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधी, लुगड्याला चिकटलेलं! सासूची पाठ सोनाजीकडं झाली की संपलं.

द्वारकाबाईचा खांदा एकडाव उडाला. गार लागलं असणार. पर ती वळली न्हाई. दोन पावलं मागं सरली, पाठ भिताडाच्या अंगाला केली.

“कोठीचं झाकण काढ, आत्या,” सोनाजी म्हणाला.

“तूच काढ की मुडद्या! वहाणा घालून माज्या चुलीपाशी आलास, आता कोठीत बी जा.”

“तसं न्हाई, आत्या. सून काहून थरथर कापून राहिली?”

“सासू मी हाये न तिची! तुजी आई माज्यासारखी सासू असती तं तुजी बायको बी कापली असती. गेली न ती माहेराला, अजून आली न्हाई म्हणं?”

गडी हसले. सोनाजीचं तोंड एवढंसं झालं. न्हाणीत काठी घातली, रिकामं गाडगं फोडलं, रांजणात डोकावला अन् गेला. पुढल्या घरी फट् झालं तवर दोघी जागच्या हालल्या न्हाईत.

“काढ ते,” द्वारकाबाई म्हणाली. “गारंवानी थंड हाये मेलं.”

“तुमाला ठावं व्हतं, आत्याबाई?”

“मला काय डोळे न्हाईत? रोज उठून न्हाणीत चिलटं मारती, अन् म्हणं तोंड धुती.”

मंजुळा रडाया लागली. सासू म्हणाली, “रड नंतर. घरात ठिवता यायचं न्हाई. उन्हात सोडलं तं सुकून मरल. भाकरी बांध.” केळीच्या ओल्या पानात बेंडूक, पान दुरडीत, त्यावर भाकऱ्या. द्वारकाबाई दुरडी डोक्यावर घेऊन निघाली, सटवाजीच्या बागंकडं. अन् वाट पारावरूनच, सोनाजीच्या म्होरून!

मंजुळा उंबऱ्यात बसून राहिली. कुठं कुणी जोरात बोललं की तिला वाटायचं, धरली! आता दोघींच्या बी डोक्यावर बोचकं. ऊन उतरलं. सासू आली, पाय धुतले, पदरानं तोंड पुसलं.

“पाटाच्या कडंला, दाट केळीत सोडलं. वर चढलं,” म्हणाली. “चल, पीठ मळ.”

पाऊस आला पोळ्याला. सोनाजी म्हणाला, माज्यामुळं.

झालं लिवून? मग हा कागद तांड्यावरच्या बेबीबाईला नेऊन दे. तिच्या पोरानं असलंच एक बेंडूक काचंच्या बरणीत घातलंय म्हणं, पाण्यात. त्याला म्हणावं, पाणी वतून टाक अन् एक फांदी ठिव, आत्ताच्या आत्ता.