टिटवीभोवतीच्या काट्या

वाळूजच्या एका कारखान्यात मी गेली वीस वर्षं तयार भाग तपासतो. दिवसभर हातात चकचकीत लोखंड आणि डोळ्यापुढं दिवा. ओरखडा दिसला की भाग बाजूला, बारीकसा खड्डा दिसला की भाग बाजूला. या नोकरीनं मला पगार दिला आणि एक खोडही लावली. कुठंही काही वेडंवाकडं दिसलं की माझे हात शिवशिवतात. लग्नाच्या पंगतीत समोरच्याच्या शर्टावरचा धागा मी काढलेला आहे. बायको म्हणते, "तुम्ही स्वर्गात गेलात तरी तिथल्या फरश्या तपासाल." स्वर्गाचं माहीत नाही, पण या खोडीपायी माळावर मी जे केलं, ते तिलाही मी अजून धडपणे सांगितलेलं नाही.

पाखरांचे फोटो काढायचा नाद मला चाळिशीनंतर लागला. सुरुवातीला गच्चीवरचे बुलबुल, मग तलावाकाठचे बगळे, आणि मग सोसायटीतल्या लोकांनी "वेडा झाला" म्हणण्याइतपत मोठी लेन्स. रविवारी पहाटे उठायचं, थर्मासमध्ये चहा भरायचा आणि अजिंठ्याच्या रस्त्याला लागायचं. फुलंब्रीच्या अलीकडं उजवीकडं एक मुरमाड माळ आहे. बाहेरून बघितलं तर तिथं काहीच नाही. बाभळीची चार झुडपं, पिवळं गवत आणि दगडगोटे. पण गाडीतून उतरून तासभर गप्प बसलं की त्याच माळावर चंडोल उठतात, पखुर्ड्यांचे थवे पाण्याकडं जातात, आणि नशीब असेल तर एखादा लांडगा लांबून आपल्याकडं बघून निघून जातो.

तिथंच मला ती मेंढरांमागची बाई भेटली. पन्नाशीची असेल. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि मागंपुढं एक काळं कुत्रं. पहिल्या दिवशी मी झुडपाआड पालथा पडलेला बघून तिला वाटलं, माणूस उन्हानं पडला. ती तांब्या घेऊन धावत आली आणि माझ्या समोरचा चंडोल उडाला. मी चिडून काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "जित्ता हायेस न्हवं? मग पी पाणी." त्यानंतर मी तिला मावशी म्हणू लागलो आणि ती मला 'फोटूवाले भाऊ'. कुठल्या ओढ्यात घोरपड आहे, लांडगीण यंदा कुठून फिरते, हे ती मला सांगायची. मी तिला कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो दाखवायचो. ती प्रत्येक फोटो बघून एकच विचारायची, "त्याला कळलं का तुमी काढला ते?" मी अभिमानानं सांगायचो, "नाही मावशी, मी लांब बसतो. जपून काढतो."

त्या वर्षी मे महिन्यात तिनं मला टिटवीचं घरटं दाखवलं. घरटं कसलं, मुरमातली एक उथळ खळगी आणि तीत खड्यांच्याच रंगाची चार अंडी. मी एकटा असतो तर त्यांच्यावर पाय दिला असता. पण त्यांच्याभोवती बाभळीच्या वाळक्या काटेरी फांद्या रचून ठेवल्या होत्या. इकडं त्यांना काट्या म्हणतात. दोनशे मेंढरं रोज दुपारी त्याच वाटेनं पाण्यावर जातात, आणि मेंढरू खाली मान घालून चालतं, पुढं काय आहे ते बघत नाही. म्हणून त्यांच्याकडं रीत आहे. माळावर टिटवी बसलेली ज्याला पहिल्यांदा दिसेल, त्यानं तिच्याभोवती काट्या रचायच्या. पाखराला आतबाहेर करता येईल एवढी एकच फट ठेवायची. आणि पिलं निघून जाईपर्यंत त्या काट्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, कारण ज्यानं रचल्या त्याच्याच भरवशावर टिटवी बसलेली असते.

"माझ्या सासूनं रचलेल्या म्या बघितल्यात," ती म्हणाली. "यंदा मला दिसली. माझ्या वाट्याची हाय ती."

मी दोन रविवार तिथं बसलो. शंभरेक पावलांवर एक मळकं कापड अंगावर घेऊन. टिटवीला माझी सवय झाली. पण कॅमेऱ्यात बघावं तर प्रत्येक फोटोत काट्या. कुठं डोळ्यावरून फांदी गेलेली, कुठं छातीवर काट्यांची सावली. घरी येऊन कॉम्प्युटरवर फोटो लावले की मला घासात खडा आल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या रविवारी पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. टिटवी सारखी उठत होती, खाली बघत होती, पुन्हा बसत होती. लेन्समधून दिसलं की एका अंड्याला तडा गेलाय. आज पिलं निघणार होती. ऊन कोवळं होतं, वारा पडलेला होता, आणि माझ्या आणि त्या क्षणाच्या मध्ये बाभळीच्या तीन फांद्या होत्या.

मी उठलो. टिटवी ओरडत उडाली आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. कॅमेऱ्याच्या तिवईच्या पायानं मी समोरच्या तीनही फांद्या ओढल्या, मागं दिसणाऱ्याही ओढल्या आणि बाजूला टाकल्या. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं. परत जाऊन बसलो. ती पाच मिनिटांत आली. मग मला तो फोटो मिळाला. टिटवी उभी, मान किंचित कललेली, तिच्या छातीच्या पिसांतून बाहेर डोकावणारं ओलं पिलू, आणि पायाशी तीन अंडी. समोर काही नाही, मागं काही नाही. इतका निर्दोष फोटो मी आयुष्यात काढला नव्हता.

काट्या परत लावायला मी उठलोसुद्धा होतो. पण पुन्हा जवळ गेलो तर ती पुन्हा उडणार, ओलं पिलू उन्हात उघडं पडणार. पाखराला उगाच त्रास कशाला द्यायचा, असा मी विचार केला. आज सांगतो, तो विचार खरा नव्हता. मला घरी जाऊन तो फोटो मोठ्या पडद्यावर बघायची घाई झाली होती. दहाच्या आत मी घरी होतो. बायकोला हात धरून कॉम्प्युटरपुढं बसवलं.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा बाई दगडावर बसलेली होती. कुत्रं बाभळीला बांधलेलं. त्याला बांधलेलं मी कधीच बघितलं नव्हतं.

"टिटवीचं वाटुळं झालं, भाऊ," ती म्हणाली.

मी फोटो काढला त्याच दिवशी दुपारी मेंढरं पाण्यावर निघाली होती. ती मागं होती, काट्या आहेत या भरवशावर. अचानक टिटवी जीव तोडून ओरडायला लागली. बाई धावत गेली तोवर निम्मी मेंढरं त्या खळगीवरून गेली होती. काट्या बाजूला पडलेल्या आणि कुत्रं तिथं तोंड घालून चाटत उभं.

"त्यानंच वढून काढल्या. अंड्याची चव लागली मेल्याला. म्या काठीनं लई मारलं. अन् ते वरडलं बी न्हाई, नुसतं माझ्याकडं बघत बसलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मेंढरांत असलं कुत्रं ठेवत न्हाईत, भाऊ. आज अंडी खाल्ली, उद्या कोकराला तोंड लावंल. दीर उद्या फर्दापूरला चाललाय टेंपो घिऊन. तिथं माझ्या बहिणीकडं देते सोडून. लेण्यावाल्या लोकांची हाटेलं हायेत, खाईल उष्टं-खरकटं."

उद्या. म्हणजे माझ्याकडं एक अख्खा दिवस होता. एक दिवस कशाला, एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "तुमी तर किती जपून बसत व्हता. तुमाला बी वाईट वाटलं असंल."

मी मान डोलावली. ती मान डोलावणं मला आजही आठवतं आणि मानेला कळ लागल्यासारखं होतं. कुत्रं माझ्याकडं बघून शेपूट हलवत होतं, कारण मी त्याला दर रविवारी बिस्किट द्यायचो. त्या दिवशीही दिलं.

"टिटवीचा फोटू निघाला असंल तर मला एक द्या," निघताना ती म्हणाली. "तिची आता तेवढीच आठवण ऱ्हायली."

त्याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा होती. लहानपणापासून वडिलांचं बोट धरून मी विहारात पंचशील म्हणत आलोय. त्या सकाळी पहिल्याच शीलाला, प्राण्याची हिंसा न करण्याच्या, माझा आवाज बसला. खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला नुसते ओठ हलले. आपण कुठं खोटं बोललो, आपण फक्त गप्प बसलो, अशी मी मनाची समजूत काढली. ती निघाली नाही. पण टेंपो केव्हाच गेला होता.

त्यानंतर मी त्या माळावर जायचं टाळलं. पाखरांना काय तोटा आहे, असं म्हणत धरणाच्या बाजूला जाऊ लागलो. फोटो मात्र शहरातल्या एका प्रदर्शनात लागला. लोक पुढ्यात उभं राहून म्हणायचे, "किती स्वच्छ!" शहागंजात फ्रेम करायला दिला तर दुकानदारानं तो उजेडात धरून दाद दिली, "क्या साफ आया फोटू, भाईजान! एक तिनका बी बीच में नइं." मी त्याच्याकडं न बघता काच कुठली घालायची ते सांगितलं. दोन प्रती केल्या. एक घरी, एक तिच्यासाठी. तिच्यासाठीची प्रत कपाटामागं सहा महिने वर्तमानपत्रात गुंडाळून पडली होती.

डिसेंबरात शेवटी गेलो. का गेलो, ते नीट सांगता येणार नाही. कदाचित फोटो दिला की सुटलो, असं वाटलं असेल. ती त्याच माळावर होती, मेंढरं त्याच वाटेवर. नवं कुत्रं नव्हतं. तिनं घोंगडीला हात पुसले आणि फ्रेम दोन्ही हातांनी धरून उन्हाकडं केली.

"अगं बाई! पिलू बी हाय की. कसं बघतंय."

ती हसली. मग तिचं बोट काचेवरून फिरू लागलं. टिटवीच्या डावीकडून, पायाशी, उजवीकडून. मग पुन्हा डावीकडून. प्रदर्शनात शेकडो लोकांनी तो फोटो बघितला होता. पण त्यात काय असायला हवं होतं, हे ठाऊक असलेलं ते पहिलंच माणूस होतं.

"यात काट्या कुठं हायेत?" तिनं विचारलं.

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. मावशी, हल्ली कॉम्प्युटरवर नको ते पुसून टाकता येतं. तिनं विश्वास ठेवला असता, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. येतंच की पुसता. पण तिचं बोट एका चपट्या दगडावर थांबलं होतं. त्याच दगडाखाली तिनं फांदीचं टोक दाबून ठेवलं होतं.

"मी काढल्या होत्या," मी म्हणालो. "फोटोसाठी. परत लावल्या नाहीत."

तिनं फ्रेम हळूच दगडाला टेकवून ठेवली आणि खाली बसली. मला वाटलं शिव्या देईल. काठी उचलली असती तरी मी हललो नसतो.

"मंग माझं कुत्रं?" ती म्हणाली.

एवढंच. मी म्हणालो, "चला, घेऊन येऊ त्याला. आत्ता." तिनं दिराला हाक मारली, मेंढरं त्याच्या हवाली केली आणि माझ्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसली. फर्दापूरपर्यंत मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ती रस्त्याकडं बघत राहिली.

बहीण हॉटेलामागं भांडी घासत होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला. कुत्रं आठ दिवस बांधून ठेवलं होतं, म्हणाली. भाकरीला तोंड लावेना. नवव्या दिवशी दावं तोडून गेलं. घाट चढून वर, तुझ्याच रस्त्यानं गेलं, हॉटेलातल्या लोकांनी बघितलं. तुला फोन करून काय सांगायचं, म्हणून नाही सांगितलं.

मेपासून डिसेंबर. फर्दापूर ते तो माळ म्हणजे पाऊणशे किलोमीटर, त्यात घाट, आणि रात्रंदिवस ट्रक आणि लेण्यांच्या बसगाड्या. आम्ही दोघंही मनात तोच हिशोब करत होतो, हे मला कळत होतं. मी गाडी वळवली.

घाट चढून वर आलो तसं तिनं काच खाली करायला सांगितलं. डोकं बाहेर काढलं आणि ती हाका मारू लागली. "यू... यू... यू..." माळावर मारायची तशीच. सात महिन्यांपूर्वी गेलेल्या कुत्र्याला. अजिंठा गाव गेलं, सिल्लोड गेलं. बाजाराची माणसं वळून बघत होती. मागचे ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं निघून जात होते. रस्त्याकडेला काळं कुत्रं दिसलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, ती नीट बघायची, आणि मग पुन्हा हाक.

मला तिला सांगावंसं वाटलं की मावशी, बास, आता काही उपयोग नाही. पण कोणत्या तोंडानं सांगणार? मध्येच माझा पाय थोडा जड झाला असावा, गाडीनं वेग घेतला. तिनं डोकं आत घेतलं आणि सबंध रस्त्यात पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं.

"हळू घ्या, भाऊ," ती म्हणाली. "त्याला ऐकू याया पायजे."

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.