परवा आलेला माल

भाची मुक्ता पुण्यात एमबीए करते. तिच्या चौघांच्या गटाला छत्रपती संभाजीनगरच्या एका मसाला कंपनीने प्रश्न दिला होता: औरंगपुऱ्यातल्या दुकानांत आमचा मसाला सारखा संपलेला का असतो? उत्तर पटलं तर चौघांतल्या एकाला नोकरी. बाकीच्यांच्या हाताशी इतर मुलाखती होत्या, मुक्ताकडे हीच. "आत्या, शेवटच्या सादरीकरणाला चल, वेरूळही होईल," म्हणाली. मी पिशवी भरली.

एसटी सकाळचीच घ्या. रस्ता बरा आहे. अहिल्यानगरच्या थांब्यावरचा चहा टाळा. गोदावरीचा पूल आला तरी चौघांनी लॅपटॉपमधून मान वर केली नाही. गटाचा म्होरक्या रोहन मला म्हणाला, "मॅडम, डेटा बोलतो." दुकानदारांना विचारून भरलेला हा डेटा म्हणत होता, की प्रत्येक दुकानात माल दोनच दिवसांपूर्वी आलाय. म्हणजे पुरवठा उत्तम, मांडणी वाईट. उपाय, रंगीत रॅक.

"सोमवारी विचारलं तरी दोन दिवस, शुक्रवारी विचारलं तरी दोनच?"

"कन्सिस्टन्सी, मॅडम!"

वेरूळ मंगळवारी बंद असतं, म्हणून आम्ही सोमवारी गेलो. रिक्षा ठरवताना जाऊन-येऊन बोला, नाहीतर परतीला भाव चढतो. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय. घाव चुकला तर खोडायची सोय नाही. चौघांनी त्यापुढे फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'टीमवर्क'. दौलताबादचा किल्ला त्यांनी रिक्षातूनच उरकला.

संध्याकाळी औरंगपुऱ्यात मुक्ताला घेऊन मी एका किराणा दुकानात शिरले. मालक सलीमभाई. त्या कंपनीचा मसाला मागितला.

"नहीं है, खाला. परसों आया था, खतम."

"परसों म्हणजे शनिवारी?"

"नै नै, परसों. ईद के आगे."

आतून त्यांची बायको हसली. "इनका परसों मत पूछो, खाला. परसों निकाह हुआ बोलते, बेटी कॉलेज में है!"

मुक्ताचा चेहरा उतरला. "आत्या, सगळे परसोंच म्हणाले. आम्ही सगळीकडे दोन दिवस भरले."

"आणि तू 'परवाच तर खोली आवरली' म्हणतेस, ती कधीची असते गं?"

तिने तिथूनच रोहनला फोन लावला. तो म्हणाला, "कंपनीच्या साहेबांना ग्राफ आधीच आवडलाय. गप्प बस. नोकरी तुलाही मिळू शकते."

ठरवणं मी तिच्यावर सोडलं. घास तिच्या तोंडचा होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीत मला मागची खुर्ची मिळाली. रोहनचा ग्राफ पडद्यावर आला, साहेब मान डोलावू लागले आणि मुक्ता उभी राहिली.

"सर, हा ग्राफ चुकलाय. इथं परसों म्हणजे मागे कधीतरी. माल कधी येतो ते आम्हाला कळलेलंच नाही. बहुधा महिनोन्‌महिने येत नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "पण ग्राफ मी वर पाठवलाय." मग म्हणाले, "रॅक मात्र छान आहेत."

नोकरी रोहनला लागली. औरंगपुऱ्यात म्हणे रंगीत रॅक आले; त्यांत ठेवायला काय आलं, ते कुणी सांगत नाही. तिथं गेलात तर सलीमभाईंकडे चौकशी करा, फक्त कधी ते विचारू नका.

मुक्ता अजून अर्ज करतेय. प्रत्येक मुलाखतीत हा किस्सा सांगते. मी म्हटलं, जरा जपून सांग. तर म्हणाली, "ज्यांना हे ऐकून राग येतो, त्यांच्याकडे मला जायचंच नाही, आत्या."

कधी म्हणाली? परवाच.