समोर बसलेल्याचं काम आधी

नवेगाव बांधच्या रस्त्यावर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतपंपाच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरणं मला चांगलं येतं. कोणतं काम कधी करायचं, हे मात्र पन्नाशी उलटली तरी जमलेलं नाही.

आमच्याकडची रीत अशी, की मोटर टाकून घरी गेलेल्याला 'उद्या' मिळतो आणि बाकावर ठाण मांडून बसलेल्याला मोटर मिळते. शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. ते भाकर बांधून येतात, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात आणि माझ्या हातांकडे बघत बसतात. कुणी बघत असलं की माझे हात त्याचंच काम करतात. मुलीने फोनमध्ये कॅलेंडर लावून दिलं, कोणाची मोटर कधी द्यायची ते भरायला शिकवलं. मी भरतही होतो. पण बाकावरचा माणूस कॅलेंडर मानत नाही, आणि त्याला नाही म्हणायची हिंमत माझ्यात नाही.

मागच्या उन्हाळी धानाच्या हंगामात बायकोचा खांदा सारखा दाराच्या चौकटीला आपटू लागला. वाढताना भात ताटाबाहेर पडू लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी काचबिंदूची शंका सांगितली. नागपूरला दाखवा, उशीर करू नका, म्हणाले. मी हो म्हटलं. फोनमध्ये मात्र हे भरलं नाही. घर दुकानाच्या मागेच, माणूस घरातलंच. कधीही निघता येईल, असं वाटलं.

तेव्हा शेतीची लाइन थोडेच तास यायची, तीही कमी दाबाची. मोटारी धडाधड जळत होत्या. धान निसवत होता, पाणी तुटलं तर लोंब्या पोचट राहणार, म्हणून रोज सकाळी कुणी ना कुणी बाकावर असेच. बायकोला मी रोज उद्या जाऊ म्हणत राहिलो.

एका सकाळी ती चांगली साडी नेसून, पिशवी घेऊन दुकानात आली आणि बाकावर बसली. शेजारी बसलेल्या गिऱ्हाईकाने विचारलं, "काऊन वहिनी, तुमची कोनती मोटर जळली जी?"

ती म्हणाली, "बसल्याशिवाय हे कोनाचं काम करत नाई म्हन्तेत. म्हनून मी बी बसून राहिली."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसत हसतच तिला सगळ्यांसाठी चहा ठेवायला सांगितलं. ती पिशवी मांडीवर धरून थोडी थांबली. मग उठली आणि भिंतीला हात लावत आत गेली. चहा आला. मी कप घेतला, तिच्याकडे पाहिलं नाही. दुपारपर्यंत त्या माणसाची मोटर करून दिली.

नागपूरला आम्ही गेलो तेव्हा धान कापून झाला होता. त्रास कधीपासून आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, पंधरा-वीस दिवस झाले असतील. ती शेजारीच होती. तिने मला खोटं पाडलं नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. थेंब रोज वेळेवर पडले तर उरलेली टिकेल.

परतीच्या गाडीत मी तिला शब्द दिला, की थेंब मीच टाकीन. फोनमध्ये गजरही लावला.

गजर वाजतो तेव्हा माझे हात वार्निशने बरबटलेले असतात आणि समोर कुणीतरी बसलेलं असतं. मी कोपराने गजर बंद करतो आणि आतल्या दिशेने ओरडतो, "येऊन राहिलो." दुकानातून आतली खोली दिसते. ती थोडा वेळ वाट बघते. मग मान मागे टाकून अंदाजाने स्वतःच बाटली दाबते. थेंब कधी डोळ्यात पडतो, कधी गालावर. ती पदराने गाल पुसते, पुन्हा बाटली दाबते. आणि मी तार भरत असतो.