डिफरन्शियलवर ठेवलेला हात

शेजारच्या गॅरेजातून आज करपलेल्या गियर ऑइलचा वास आला आणि म्हसवडच्या रस्त्यावरची ती जुनी दुपार आठवली.

टेंपोच्या डिफरन्शियलचे गियर ह्यांनी स्वतःच बदलले होते. त्यानंतरची ती पहिलीच फेरी. मागं लोणंदला न्यायचा कांदा. असाच वास सुटला तशी ह्यांनी गाडी बाभळीखाली घेतली, खाली वाकून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या लोखंडी गोळ्यावर तळहात टेकवला आणि निवांत म्हणाले, "एवढं काय तापलं न्हाई. नवं गियर हाईत, थोडं गरम व्हणारच."

हात ठेवता येतोय तोवर गाडी हाणायची, ही ड्रायव्हर लोकांची रीत. पण वास काही हटेना. मी त्यांच्या हाताशेजारी बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर ते चर्रकन उडालं.

"आवं, हात काढा आधी!"

"बेअरिंग लय आवळलं गेलं वाटतं," ते म्हणाले. पण बघत होते ते स्वतःच्या लालबुंद तळव्याकडं. काम करून हात निबर झालेत, असं वाटून मला तर कौतुकच वाटलं. ते मात्र किती तरी वेळ मूठ उघडत-मिटत तिथंच बसून राहिले.

साखरेच्या आजारानं हातातली जाणीव गेलीय, हे डॉक्टरांनी फार पुढं सांगितलं. ह्यांना ते बहुतेक त्या बाभळीखालीच कळलं असावं.

आता टेंपो नाही, आणि आम्ही दोघंही थकलोय. चहाचा पेला मी आधी माझ्या हातात धरते, मग त्यांच्या हातात देते.

"पोळत न्हाई न्हवं?" ते रोज विचारतात.