छत्र्यांचं झाड

छत्रीवाला तोंडाचा गरीब. फुटपाथवरच्या झाडाखाली पेटी मांडून मोडक्या काड्या बदलायचा, फाटक्या कापडाला टाके घालायचा. बोलायचं काम शेजारचा किल्लीवाला दोघांच्या वाटचं करायचा.

रस्ता रुंद करायचा म्हणून दोन्ही बाजूंची झाडं आडवी झाली. करवतवाले म्हणाले, "काका, जरा सरका," आणि हा शहाणा पेटी उचलून निमूट सरकला! घरी येऊन मात्र ताट बाजूला सारलं.

"तिथे तोंडातून ब्र काढला नाहीत आणि माझ्या भाजीवर राग?" बायको म्हणाली.

मग त्याच्या डोक्यात भूत शिरलं. भंगारातला वाकडा पाइप आणून त्याने उरलेल्या बुंध्याला तारेने आवळला. जुन्या काड्या जोडून फांद्या केल्या. पानांसाठी माळा उपसला. लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या आणि न्यायला कधीच न आलेल्या छत्र्यांचा तिथे ढीग होता. काळ्या, फुलाफुलांच्या, एक पोपटी. सगळ्या उघडून फांद्यांवर बांधल्या.

"वरातीमागून घोडं," बायको म्हणाली. माळा रिकामा झाला म्हणून मनातून खूश होती, पण तसं कबूल करेल तर शपथ.

झाड झकास झालं. खाली चांगली सावली पडली, लोक थांबून फोटो काढू लागले. छत्रीवाला असा ऐटीत बसायचा, जणू बी त्यानेच पेरलं होतं! बायकोही शिवणाचे कपडे घेऊन दुपारी तिथेच येऊ लागली.

एक दिवस एक मास्तर थबकले. "अहो, ती माझी छत्री!"

"हो मास्तर. दुरुस्त केली होती, तुम्ही आलाच नाहीत."

"मग आता आलो की!"

प्रामाणिक माणूस, करतो काय? स्टुलावर चढून काढून दिली. किल्लीवाल्याच्या कृपेने बातमी गावभर झाली. वर्षानुवर्षं ज्यांना आठवण नव्हती, त्यांना एकाएकी पुळका आला. पोपटीसाठी तर दोघी जावा हमरीतुमरीवर आल्या. झाड बोडकं होत चाललं आणि छत्रीवाल्याचं तोंड उतरत चाललं.

शेवटची छत्री मागायला एक गृहस्थ आले, तेव्हा तो स्टुलावरून जन्मात पहिल्यांदा ओरडला, "माझी, माझी करत सगळे आलात! खरं झाड तोडत होते, तेव्हा 'हे माझं' म्हणायला आलं का कुणी?"

मग तोच हळू आवाजात म्हणाला, "मी तर त्याच्याच खाली बसायचो. मीही 'माझं' म्हणालो नाही." त्याचे डोळे भरून आले. छत्री मात्र काढून दिलीच.

बायको तरातरा घरी गेली आणि स्वतःची छत्री घेऊन आली. लग्नानंतर त्याने स्वतः बनवून दिलेली, रंग उडेल म्हणून तिने कधी उन्हात न काढलेली.

"चढा स्टुलावर."

"अगं, रंग उडेल."

"उडू दे. ही माझी आहे. बघते कोण न्यायला येतंय ते."

सावली पडली ती जेमतेम एकापुरती. दोघं तिच्यात अंग चोरून बसले.

दुसऱ्या दिवशी बुंधा उपटायला तीच माणसं आली. "काका, जरा सरका."

छत्रीवाल्याने बायकोकडे बघितलं, मग सुईत दोरा ओवला.

"नाही सरकत," तो म्हणाला.