नांगर न लागलेला कोपरा

वनानाना माझे चुलते. तापीकाठच्या त्यांच्या खालच्या वावराला नऊ वर्षं नांगर लागला नाही. लोक त्यांना आळशी म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं.

अडुसष्टच्या पुरात त्यांची सहा वर्षांची सुपडी कमलकाकीच्या हातातून सुटली. ती सापडली नाही. पाणी ओसरलं तेव्हा काठालगतच्या वावरांत रेती पडली होती आणि नानांच्या खोलगट वावरात हातभर लोण्यासारखा गाळ. गाव म्हणालं, वना, नशीब काढलंस. नशीब म्हणे! जीभ तरी कशी वळली यांची?

नानांना पुराचं पाणी कळायचं. जोर असतो तोवर ते सगळं ओढून नेतं, जोर ओसरला की आधी रेती टाकतं, आणि जिथं थांबतं तिथं बारीक, हलकं ते खाली बसतं. माझी पोर हलकीच होती, ते म्हणायचे, ती इथंच राहिली असणार, बोरीखालच्या कोपऱ्यात. नांगर खोल जातो, वखर वरच्यावर चालतो. "वखर चाली, नांगर नही," एवढंच ते सांगायचे.

रोज संध्याकाळी ते त्या कोपऱ्यात बसून सुपडीशी बोलायचे. काकी एकदाही गेली नाही. बाईचं काळीज दगडाचं आहे, असं मला वाटायचं. खरं सांगतो, मी तिच्यावर चिडूनच असायचो.

सत्त्याहत्तरला नाना गेले. वावरात कुंदा, खोल मुळांचं तण, माजला होता, नांगरल्याशिवाय निघणार नव्हता. मी बैल जुंपले, पण कोपऱ्याशी येऊन हात थांबला. काकी बांधावर उभी होती.

"नांगर घाल, भाऊ," ती म्हणाली. "सुपडी तठे नही शे."

मग तिनं सांगितलं. पुरानंतर आठव्या दिवशी तिच्या भावाचा निरोप आला होता. नदीच्या खालच्या अंगाला, त्याच्या गावात, काठाला लागलेली एक पोर लोकांनी पुरली होती. माहेरी जाते सांगून काकी गेली. पोरीच्या पायातला वाळा त्यांनी काढून ठेवला होता, तो तिनं ओळखला. परत आली तर नाना वावरातल्या कोपऱ्यात बसून सुपडीशी बोलत होते. त्यानंतर तिनं तोंड उघडलं नाही.

नानांना सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

"त्यास्ले बसाले तितलीच जागा व्हती."

ती कोपऱ्यात गेली, नानांच्या जागेवर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडली. मी बैल सोडले.