पालथ्या आमदाराची सही

पोलीस ग्राउंडवर हेलिकॉप्टर उतरल्याचा फोन आला, तेव्हा नाना पालथे झोपलेले होते. ऑपरेशनचा तिसरा दिवस होता. अजून चार दिवस त्यांना तसंच राहायचं होतं. आणि हेलिकॉप्टर त्यांनाच न्यायला आलं होतं.

मी बीडमध्ये डोळ्यांची डॉक्टर आहे. माझं काम रेटिनाचं. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला असलेला पातळ पडदा. भिंतीवर कागद चिकटवावा तसा तो चिकटलेला असतो. कधी तो फाटतो, मागे पाणी जातं आणि कागदासारखाच सुटून येतो. आमच्याकडे लोक सरळ म्हणतात, ‘पडदा सरकला.’ लवकर बसवला नाही तर नजर कायमची जाते.

नाना आमच्या जिल्ह्यातले नवे आमदार. वय त्रेसष्ट. चार वेळा पडले आणि पाचव्यांदा निवडून आले. प्रचार चालू असताना त्यांना डोळ्यापुढे माश्या उडताना दिसत होत्या, मग एका कोपऱ्यातून सावली चढू लागली. कोणाला बोलले नाहीत. मतमोजणीच्या दिवशी विजयी झाल्याचा कागद हातात घेतला, तर समोरच्या अधिकाऱ्याचं अर्धं तोंड दिसेना. तिथून ते थेट माझ्याकडे आले. डोक्यावर, भुवयांत, कानांत सगळीकडे गुलाल. ऑपरेशनआधी तो गुलाल काढायला आमच्या सिस्टरला अर्धा तास लागला. बाहेर ढोल वाजत होता आणि आत ती त्यांच्या पापण्या धूत होती.

दुसरा डोळा लहानपणीच गेलेला. म्हणजे हाच एक.

ऑपरेशन चांगलं झालं. अशा ऑपरेशनच्या शेवटी आम्ही डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतो. बुडबुडा वर तरंगतो आणि पडद्याला आतून दाबून धरतो. नानांचा पडदा मागच्या बाजूला फाटलेला. त्यामुळे मागची बाजू वर यावी म्हणून पेशंटनं तोंड खाली करून राहायचं. जेवण, चहा, गप्पा सगळं खाली बघूनच. पहिल्या दिवशी त्यांचं कपाळ दुखायला लागलं. मग त्यांच्या बायकोनं, रुक्मिणकाकूंनी, जुन्या लुगड्याची भलीमोठी चुंबळ वळली आणि त्यांच्या कपाळाखाली ठेवली. माझ्याकडच्या महागड्या उशीपेक्षा ती बरी निघाली.

इकडे हे चाललेलं असताना तिकडे सरकार अडलं होतं. कुठल्याच आघाडीला बहुमत नव्हतं. मोठ्या आघाडीला नेमके चार आमदार कमी पडत होते आणि नानांच्या छोट्या पक्षाचे आमदारही नेमके चार. हेलिकॉप्टर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौघांच्या सह्यांचं पाठिंब्याचं पत्र राज्यपालांकडे जायला हवं होतं. नाही गेलं, तर दुसरी आघाडी अपक्ष गोळा करायला बसलेलीच होती. तीन सह्या झाल्या होत्या. चौथी माझ्या वॉर्डात पालथी झोपली होती.

दोघं जण आले. एक मोठ्या आघाडीचे बोलणी करणारे नेते. त्यांना सगळे साहेब म्हणत होते, मीही तेच म्हणते. दुसरे नानांच्या पक्षाचे अध्यक्ष, अण्णा. नाना आणि अण्णा तरुणपणापासून एकत्र मोर्चे काढलेले, एका ताटात जेवलेले.

साहेबांनी खुर्ची ओढली आणि नानांच्या पाठीशी बोलायला सुरुवात केली.

“साहेब, खाली बसा,” नाना म्हणाले. “दिसत तर मला तसंबी न्हाई. पर पाठीमागून आवाज आला की घरात कुणी शिरल्यावानी वाटतंय.”

साहेबांनी कडक इस्त्रीच्या कपड्यांकडे एकदा बघितलं. काकूंनी चटई टाकली. साहेब बसले. नानांचं तोंड पलंगाच्या कडेवरून खाली, म्हणून साहेबांना मान तिरकी करून वर बघावं लागत होतं. पुढची सगळी बोलणी अशीच झाली.

“नाना, तासाभरात मुंबई. बाकीचे तिघं हॉटेलात आहेत. चौघांना एकत्र उभं करायचंय, मीडियासमोर.”

मी म्हणाले, “ते उडू शकत नाहीत.”

“मॅडम, आम्ही झोपवून नेऊ.”

“प्रश्न झोपण्याचा नाही, गॅसचा आहे.” मग मी समजावून सांगितलं. गाडी घाट चढली की वेफर्सचा पुडा फुगतो, ते सगळ्यांनी बघितलेलं असतं. वर हवेचा दाब कमी, म्हणून आतली हवा फुगते. डोळ्यातला गॅसही तसाच फुगतो. पुड्याला जागा असते, डोळ्याला नसते. आत दाब वाढतो, नस दबते आणि नजर जाऊ शकते.

“जाईलच असं आहे का?”

“तसं नाही. पण एकच डोळा आहे. फिट टू फ्लाय मी लिहून देणार नाही.”

साहेब हसले. रागावले नाहीत, ते मान्य करायला हवं. त्यांनी दोन फोन लावले आणि तिसरा माझ्या हातात दिला. पलीकडे माझे सर होते. ज्यांच्या हाताखाली मी रेटिना शिकले, ते. साहेबांनी त्यांना कसं शोधलं, देव जाणे.

“कुठला गॅस भरलायस?” सरांनी विचारलं. मी सांगितला.

“कितवा दिवस?”

“तिसरा.”

“फोन त्यांना दे.”

सर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. साहेब फक्त “हो सर, हो सर” करत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, “हेलिकॉप्टर परत पाठवा. सही इथंच घेऊ.”

अण्णांनी पिशवीतून पत्र काढलं. नाना म्हणाले, “वाचल्याबिगर सही न्हाई करत मी.”

“अरे, तुला दिसतंय कुठं?”

“म्हणून तर. डॉक्टरीणबाई, तुमी वाचा.”

मी मागे सरले. हे माझं काम नव्हतं. पक्षाचा कागद डॉक्टरनं कशाला वाचायचा? पण अण्णांचा घसा खरोखर बसला होता, काकूंना छापील मराठी अडखळत येत होतं आणि साहेबांनी वाचलेलं नानांना चालणार नव्हतं. माझे वडील घाटनांदूरला मास्तर होते. मोठ्यानं, न गाळता वाचायची सवय त्यांनीच लावलेली. मी चष्मा लावला आणि वाचलं. चारच ओळी होत्या.

“आम्ही खाली सही करणारे सदस्य स्थिर सरकारसाठी आपल्या आघाडीला बिनशर्त पाठिंबा...”

“थांबा,” नाना म्हणाले. “परत वाचा. तो एकच शब्द.”

“बिनशर्त.”

नाना एकदम हळू आवाजात म्हणाले, “असं का रे, अण्णा?”

अण्णा खिडकीकडे बघत राहिले.

साहेब म्हणाले, “नाना, तो फॉरमॅट असतो. सगळ्या पत्रांत तेच लिहितात.”

“आमची एकच मागणी व्हती. आमच्या पोरांची वसतिगृहं.”

इथे थोडं सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. पोरांनी शाळा सोडून आईबापामागे जाऊ नये म्हणून गावात हंगामी वसतिगृह उघडायची पद्धत आहे. अडचण एवढीच, की मजुरांच्या टोळ्या निघून जातात आणि वसतिगृह त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी उघडतं. तोवर पोरं कारखान्यावर पोचलेली असतात. नानांची मागणी अशी, की टोळ्या निघायच्या आधी वसतिगृहाचं दार उघडं पाहिजे. दोन्ही पक्ष मिळून जो किमान समान कार्यक्रम करतात, म्हणजे सरकार एकत्र चालवताना काय करायचं त्याची यादी, तिच्यात हे लेखी घ्यायचं. अण्णांनी त्यांना तसा शब्द दिला होता.

“सरकार आल्यावर बघू ना,” साहेब म्हणाले.

“चार इलेक्शन ‘बघू’ ऐकलं, साहेब. तवा मी लोकांसंगं खाली बसून ऐकत व्हतो. आता तुमी खाली बसलात, तरीबी बघूच?” नानांनी तोंड चुंबळीत आणखी खुपसलं. “ऱ्हाऊ द्या मग. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच हाय, चार दिवस हलायचं न्हाई.”

साहेब फोन घेऊन बाहेर गेले. अण्णा तिथेच बसून राहिले.

माझ्या दाब मोजायच्या वेळा ठरलेल्या होत्या. मी नानांना मिनिटभर उठवून बसवलं. डोळ्यातला दाब वीसपर्यंत असला तर चालतो. यंत्रावर चौतीस आला. सकाळी सतरा होता. मी दुसऱ्यांदा मोजला. चौतीसच.

तेव्हा मात्र मी घाबरले. सरकार कोणाचं येतं याच्याशी माझा संबंध नव्हता. या चौतीसशी होता. मी अण्णांनाही बाहेर काढलं, दार लावलं, गोळ्या दिल्या, ड्रॉप्स टाकले आणि तिथेच स्टूल घेऊन बसले. मीही चटईजवळच, खालच्या बाजूला. तासाभरानं परत मोजायचं होतं.

“डोळा जातो का वो?” नानांनी विचारलं.

“जाऊ देणार नाही. पण तुम्ही शांत राहा.”

मग ते आपणहून बोलायला लागले. “तुमी फायलीत लिहिलं ना, लहानपणी मार लागला म्हणून. कशाचा ते न्हाई इचारलं.”

“कशाचा?”

“आठ वर्साचा असंन. मायसंगं फडावर गेलतो. माय तोडायची, मी वाढं गोळा करायचो.” वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. त्याच्या पानाला करवतीसारखी धार असते. “पान सपकन् डोळ्यात गेलं. मुकादम म्हणला, पाण्यानं धू. मायनं धुतला. शाळा असती तर मी शाळेत असतो त्या टायमाला. बस, एवढंच.”

काकू त्यांचे पाय चेपत होत्या. त्या म्हणाल्या, “भाषणात सांगा म्हणलं तर सांगत न्हाईत. म्हणतात, मतं डोळा दाखवून मागायची न्हाईत.”

रेटिनावाल्या माणसानं डोळा कसा गेला ते नीट विचारायला हवं होतं. मी फायलीत एक ओळ लिहिली होती आणि पुढे गेले होते.

तासाभरानं दाब सव्वीस. आणखी तासाभरानं एकोणीस. मी दार उघडलं. अण्णा दाराला टेकून उभे होते. “कसा आहे?” एवढंच त्यांनी विचारलं. उतरला म्हटल्यावर ते आत आले आणि सरळ चटईवर बसले.

“नाना, चुकलो मी. मला वाटलं, आधी सरकार तर होऊ दे. तुला तर मी समजावीन.”

“समजावायचं न्हाई रे, इचारायचं,” नाना म्हणाले. पण त्यांचा हात पलंगावरून खाली आला आणि अण्णांच्या डोक्यावर जाऊन बसला. खरं तर ते खांदा शोधत होते.

संध्याकाळी साहेब नवीन पत्र घेऊन आले. ‘बिनशर्त’ गेलं होतं. ‘सोबत जोडलेल्या किमान समान कार्यक्रमाच्या आधारे’ असं आलं होतं आणि सोबतच्या पानावर तिसरा मुद्दा वसतिगृहांचा. मुंबईतल्या तिघांनी त्याच्यावर नव्यानं सह्या करायच्या होत्या. मी दोन्ही पानं दोनदा वाचली. नाना म्हणाले, “टोळ्या निघायच्या आधी, असंच लिहिलंय ना? हंगामात, असं न्हाई ना?” मी म्हणाले, “निघायच्या आधी.”

मग सही. पलंगाखाली स्टूल, स्टुलावर पाट, पाटावर कागद. नानांचा हात कागदापर्यंत नेऊन अण्णांनी पेन धरायला दिलं. सही झाली, पण उमेदवारी अर्जावरच्या सहीशी तिचा काही संबंध लागेना. ती पाटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उतरत गेली होती. साहेब म्हणाले, यावर उद्या कोणीतरी बोट ठेवेल. मग तहसीलदारांना साक्षीला बोलावलं, मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं: रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे, मजकूर त्यांना दोनदा वाचून दाखवला आहे, त्यांनी माझ्यासमोर सही केली आहे. कागद गाडीनं गेले.

दुसऱ्या दिवशी पत्र वेळेत पोचलं. सरकार झालं. विधानसभेत बहुमत सिद्ध करायचा दिवस दोन आठवड्यांनी आला. तोवर बुडबुडा जवळजवळ विरला होता. मी नानांना गाडीनं जायला परवानगी दिली. मंत्रिपद विधान परिषदेवर असलेल्या अण्णांना मिळालं. नाना काही झाले नाहीत, त्यांनी मागितलंही नव्हतं.

पडदा छान बसला. चष्मा लावून नाना आता वर्तमानपत्र वाचतात, बारीक अक्षरासाठी भिंग घेतात. वसतिगृहांचं म्हणाल, तर त्या वर्षी बऱ्याच गावांत दारं वेळेवर उघडली. काही गावांत कुलूपच होतं. कुलूप असलेल्या गावांची नावं नानांनी एका कागदावर लिहून घेतली आणि तो कागद घेऊन ते मंत्रालयात अण्णांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. अण्णा मला फोनवर म्हणाले, “मॅडम, तुम्ही त्याला परत पालथं झोपवता का?”

नाना तपासणीला आले, तेव्हा मी त्यांची फाइल चाळत होते. ऑपरेशनचं संमतिपत्र हाताला लागलं. तीन पानं, बारीक टाइप, खाली गुलालाचा ठसा लागलेली नानांची सही. ते त्यांना कोणी वाचून दाखवलं नव्हतं. त्यांना तर तेव्हा दिसतही नव्हतं. मी विचारलं, “नाना, पक्षाचं पत्र ऐकल्याशिवाय सही केली नाहीत, मग माझ्या कागदावर कशी केली?”

“तुमी घाईत व्हता,” नाना म्हणाले. “सिस्टर म्हणली, हितं करा.”

आता आमच्याकडे ऑपरेशनआधी संमतिपत्र मोठ्यानं वाचून दाखवतात. मी स्वतः वाचते. सात मिनिटं लागतात. ओपीडी रोज उशिरा संपते आणि दहातले दोन पेशंट मध्येच हात वर करून म्हणतात, “थांबा, ते परत वाचा.”